आधी पांझरा लिहा

गेल्या जूनमध्ये एका मंडळानं मला बालसाहित्य स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावलं. आठ जून हा जागतिक महासागर दिन, म्हणून विषय ‘समुद्र वाचवा’. कविता, निबंध, पत्र, काहीही चालेल. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या पाचवी ते दहावीच्या मुलांनी लिहायचं. आयुष्यभर मराठी शिकवलं आहे. मुलांचं लिखाण हातात आलं की अजूनही बरं वाटतं. त्या दिवशी मात्र गठ्ठा उघडला आणि दहाव्या पानापर्यंत पोचेतो मी संतापलो होतो.

सगळ्यांचा समुद्र निळाशार. सगळ्यांचा अथांग. लाटा फेसाळणाऱ्या, वाळू रुपेरी, आणि दर दोन पानांआड एक रडणारा डॉल्फिन. शिरपूरच्या मुलाच्या कवितेत तोच, पारोळ्याच्या मुलीच्या निबंधात तोच. काही कविता शब्दन् शब्द सारख्या होत्या, कुणीतरी मोबाइलवरून उतरवून दिलेल्या. शेवटी सगळीकडे एकच हाक, की चला, सारे मिळून सागर वाचवू या. कुणापासून वाचवायचा, त्यात घाण कोण टाकतं, ती कोणत्या वाटेनं जाते, याचा एका ओळीतही पत्ता नव्हता.

मुलांवर माझा राग नाही. साक्रीच्या मुलाला समुद्र दाखवला कुणी? ज्यांनी विषय दिला त्यांनी तरी समुद्राकडे कुठल्या डोळ्यांनी पाहिलं होतं? कॅलेंडरावरच्या चित्रातला समुद्र त्यांनी मुलांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, याच्यावर माया करा. चित्रावर माया बसत नाही. मग मूल शब्द उसने आणतं, आणि उसन्या शब्दांना आपण सुंदर म्हणून बक्षीस देतो. दरवर्षी हेच चालतं. मुलांना खोटं लिहायला शिकवायचा हा सर्वांत नेटका मार्ग आहे आणि त्याला आपण पर्यावरण जागृती म्हणतो.

त्या गठ्ठ्यात एक पान वेगळं होतं. शिंदखेडा तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातली सहावीतली मुलगी. घर भोयांचं. तिनं अहिराणीत लिहिलं होतं, मधेमधे शाळेतली मराठी. आजोबा जाळं टाकायला जातात. आधी मरळ सापडायची, वाम सापडायची, झिंगे तर टोपलीभर. आता जाळ्यात काय येतं, ते तिनं एकाखाली एक मांडलं होतं. चप्पल. पन्नी. गणपतीचा हात. औषधाची बाटली. केळीच्या घडाला घालतात ती पिशवी. ‘जे जायाम्हा येत नही ते कोठे जास?’ असं तिनं आजोबांना विचारलं. आजोबा म्हणाले, सुरतले. आणि सुरतच्या पुढे? समुद्रम्हा. मग तिनं शेवटची ओळ लिहिली होती: तठला लोक आम्हले काय म्हनत व्हतीन?

तिथले लोक आपल्याला काय म्हणत असतील. अकरा वर्षांच्या मुलीनं विचारलेला हा प्रश्न समुद्राविषयी मी वाचलेल्या मराठी लिखाणात कुठंही इतका नेमका विचारलेला आठवत नाही.

सहपरीक्षकांनी पान बाजूला ठेवलं. भाषा अशुद्ध आहे, म्हणाले. आणि विषय समुद्र आहे, नदी नाही. मी भांडलो. मतं दोन विरुद्ध एक पडली. पहिलं बक्षीस डॉल्फिनला गेलं. त्या पानाची झेरॉक्स माझ्या टेबलावर आहे आणि हा लेख मी तिच्याकडे बघत लिहितो आहे.

‘विषय समुद्र आहे, नदी नाही’ हे वाक्य खान्देशात बसून म्हणणाऱ्या माणसाला भूगोलही कळत नाही आणि साहित्यही. धुळ्यातली पांझरा मुडावदला कपिलेश्वराच्या पायथ्याशी तापीला मिळते. गिरणा, वाघूर, बोरी, अनेर, सगळ्या तापीच्या लेकी. तापी मुलताईला सातपुड्यात उगवते आणि ७२४ किलोमीटर चालून सुरतेच्या पुढे डुमस-हजिऱ्यापाशी खंबातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्रात शिरते. तिचं खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटरचं. त्यातलं ५१,५०४ चौरस किलोमीटर एकट्या महाराष्ट्रात, वऱ्हाडातली पूर्णा धरून. गुजरातच्या वाट्याला जेमतेम ३,८३७. म्हणजे सुरतेच्या खाडीत जे पाणी उतरतं ते बहुतेक आपल्या अंगणातलं आहे. समुद्र आपल्यापासून लांब आहे असं म्हणायची सोय कुठल्या नकाशानं आपल्याला दिली?

आणि तो समुद्र निळाशार नाही. डुमसला जाऊन बघा. पाणी गढूळ, तपकिरी. नर्मदा, तापी, मही, साबरमती या चार नद्यांचा गाळ तिथं येतो आणि आखातातली प्रचंड भरती-ओहोटी तो दिवसातून दोन वेळा ढवळते. डुमसची वाळू काळी आहे. रुपेरी नाही. आपला समुद्र काळ्या वाळूचा आणि चहाच्या रंगाचा आहे, कारण त्यात आपली माती आहे. हे कुणी या मुलांना सांगितलं असतं तर गठ्ठ्यात एखादी तरी खरी कविता मिळाली असती. निळ्या रंगाचा हट्ट धरून आपण मुलांकडून त्यांचा स्वतःचा समुद्र हिसकावून घेतला.

मधे उकाईचं धरण आहे, सगळी घाण तिथंच बसते, असं मला एका इंजिनिअर मित्रानं ऐकवलं. १९७२ पासून उकाई उभं आहे, त्याच्याही वर आपल्याकडे भुसावळजवळ हतनूर, पुढे सारंगखेडा, प्रकाशा. गाळ बसतो हे खरं. आणि तेवढ्यानं समाधान मानायचं असेल तर त्याचा दुसरा अर्थही नीट ऐकून घ्यावा. जी रेती-माती किनाऱ्याला पोचायला हवी ती धरणात अडते, आणि जी अडायला हवी ती घाण पुरात दरवाजे उघडले की खाली जाते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्यानं सुरत बुडाली, ते पाणी काय गाळून सोडलं होतं? विरघळलेलं खत, कारखान्यांचं सांडपाणी, भुगा झालेलं प्लास्टिक यांना कुठली भिंत अडवते? आणि धरणात बसलेली घाण तरी कुणाच्या पोटात जाते? उकाईच्या फुगवट्यावर नवापूर-नंदुरबारकडची माणसं मासे मारून जगतात. १ जुलै १९९८ पर्यंत तो भाग धुळे जिल्ह्यातच होता. आपलीच माणसं आहेत ती.

खरा कचरा लिहा, म्हणून मी ओरडतो आहे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या केळीच्या कितीतरी घडांना स्कर्टिंग बॅग घालतात, आणि घड उतरला की ती बॅग कुठं जाते? कपाशी-मिरचीखालचा मल्चिंग पेपर हंगाम संपल्यावर रोटाव्हेटरखाली चिंध्या होऊन मातीत मिसळतो किंवा बांधावर ढीग करून पेटवला जातो. ठिबकच्या जुन्या नळ्यांना निदान भंगारवाला येतो. पातळ कागदाला कुणी येत नाही. तो पहिल्या वळवाला नाल्यात, नाल्यातून गिरणेत. जळगावचा चटई उद्योग जुन्या प्लास्टिकवर जगतो. किती तरी कचरावेचक बायका उकिरडे चिवडून त्याला माल पुरवतात. या बायकांनी समुद्रासाठी जेवढं काम केलं तेवढं आमच्या सगळ्या काव्यसंमेलनांनी मिळून केलेलं नाही. त्यांच्यावर एक कविता दाखवा. जळगावच्या लेंडी नाल्यावर एक दाखवा. २०२१ साली जगभरच्या नद्यांचा हिशेब मांडणारा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याआधी समज असा होता की दहा-वीस अजस्र नद्याच समुद्रात प्लास्टिक ओततात. या अभ्यासानं दाखवलं की नदीवाटे जाणाऱ्या प्लास्टिकचा ८० टक्के भार हजारावर नद्या मिळून वाहतात, आणि त्यात शहरातून जाणाऱ्या लहान नद्यांचा हात फार मोठा आहे. शहरातून जाणारी लहान नदी! धुळ्याच्या माणसानं हे वाचलं तर त्याच्या डोळ्यांपुढे एकच नाव यायला हवं.

वाळूचं तर बोलायची चोरी झाली आहे. गिरणेच्या पात्रात रात्री डंपर उतरतात हे जळगावात कुणाला माहीत नाही? महसूलच्या माणसावर ट्रॅक्टर घातल्याची बातमी आपण चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. वाळू म्हणजे नदीनं डोंगरातून आणलेला समुद्रकिनाराच आहे. ती उपसली की विहिरींचं पाणी खाली जातं, माशांची अंडी घालायची जागा जाते, आणि खाली किनाऱ्याला पोचणारा रेतीचा पुरवठा आणखी आटतो. किनारा झिजतो. कासवानं अंडी कुठं घालायची? वेळासच्या कासवांवर गहिवरून लिहिणारे आमचे कवी गिरणेच्या वाळूवर गप्प बसतात, कारण कासव उत्तर देत नाही आणि वाळूवाला देतो. हे भित्रं लिखाण आहे. त्याला मी दुसरं नाव देणार नाही.

वेळासचं नाव घेतलं तर तिथं काय झालं तेही नीट सांगायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. अंडी खाणाऱ्या-विकणाऱ्या गावानंच मग राखणदारी पत्करली, पिल्लं समुद्रात जाताना बघायला पाहुणे येऊ लागले, घराघरात त्यांच्या जेवणाची सोय झाली. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या ‘कासव’ या चित्रपटात कोकणच्या किनाऱ्यावरचं हेच काम कथेच्या मुळाशी आहे, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. क्रम लक्षात घ्या. आधी माणसं पहाटे काठी घेऊन किनाऱ्यावर चालली. कला त्यांच्या मागून गेली. आमच्याकडे काठी घेऊन कुणी चालतच नाही आणि कविता मात्र सगळ्यांच्या पुढे.

तरीही गोष्टीनं मासा वाचतो यावर माझा विश्वास आहे, कारण तो वाचलेला आहे. तोही आपल्या शेजारी, गुजरातच्या किनाऱ्यावर. १९९० च्या दशकात सौराष्ट्रात देवमाशासारखा दिसणारा बहिरी मोरी मासा, म्हणजे व्हेल शार्क, शेकड्यांनी मारला जात होता. त्याच्या काळजाचं तेल होड्यांना लावायचे, मांस परदेशी जायचं. तो जगातला सर्वांत मोठा मासा. बसएवढा, कुणाला चावत नाही, कुणाच्या वाटेला जात नाही. २००१ मध्ये वन्यजीव कायद्यानं त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलं. कायदा कागदावर राहिला असता. २००४ मध्ये मोहीम सुरू झाली तेव्हा रामकथाकार मोरारी बापू तिचा चेहरा झाले. त्यांनी कोळ्यांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. माहेरी आलेल्या लेकीला कुणी मारतं का? माशाचं नावच ‘व्हाली’ पडलं, लाडकी. गावोगाव नाटक झालं, पोरांनी चित्रं काढली, पोरबंदरनं व्हालीला आपल्या शहराचं मानचिन्ह केलं. सरकारनं फाटलेल्या जाळ्याची भरपाई दिली. आणि ज्या कोळ्यांनी हा मासा मारला होता त्यांनीच पुढच्या वर्षांत स्वतःची महागडी जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. महाराष्ट्रानंही २०१८ अखेरीस अशीच भरपाई योजना आणली, संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५ हजारांपर्यंत.

या गोष्टीत निळाशार शब्द नाही. अथांग नाही. माहेर आहे.

आता मला सांगा, माहेरचं गाणं खान्देशाहून जास्त कुणाकडे आहे? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. ती गाणी कुणा एका कवीची नाहीत. एकीनं ओळ टाकली, दुसरीनं जोडली, तिसरीनं भावाचं नाव घातलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, रोट होतात, रात्रभर अहिराणीत गाणी चालतात आणि सोमवारी कानबाईला नदीवर नेतात. सामुदायिक सर्जनशील लेखन म्हणून आज कार्यशाळा भरवतात, फी घेतात. खान्देशातल्या निरक्षर बायका ते शतकानुशतकं फुकट करत आल्या आहेत, तेही नदीच्या काठावर. गुजरातमध्ये जे रूपक एका कथाकाराला सुचलं ते आपल्या घराघरात दर वैशाखात झोक्यावर गायलं जातं. आणि आपण स्पर्धेसाठी डॉल्फिन आणतो!

पाला नावाचा मासा समुद्रातून नदीत चढून येतो, गोड्या पाण्यात अंडी घालायला. बाळंतपणाला माहेरी येणारी ही आणखी एक लेक. बंधारे झाले की तिची वाट बंद. तिच्यावर आखाजीचं एक गाणं रचलं गेलं असतं तर मुलींना धरण, मासा आणि समुद्र यांचं नातं जन्मभर विसरता आलं नसतं. मला सांगायचं आहे ते एवढंच आणि ते मी ओरडून सांगतो आहे: समुद्रासाठी लिहायचं असेल तर आपल्या नदीचं, आपल्या बोलीत, मिळून लिहा. बाकी सगळी कागदाची नासाडी आहे.

नदीवर लिहिलेलं समुद्रवाङ्मय होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एक वर्ष सांगतो. १९५१. त्या वर्षी अमेरिकेत रेचेल कार्सन या बाईंचं समुद्रावरचं पुस्तक निघालं आणि समुद्र ही अभ्यासानं प्रेम करायची गोष्ट आहे हे हजारो सामान्य वाचकांना कळलं. त्या बाई सरकारच्या मत्स्यखात्यात नोकरी करत होत्या. मासे, प्रवाह, गाळ यांचे अहवाल लिहून त्यांचा हात तयार झाला होता. त्याच १९५१ च्या डिसेंबरात जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. असोद्यात जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. जात्यावर, शेतात त्या गाणी रचत गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी ती टिपून घेतली, आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या पुढाकारानं ती पुस्तक होऊन आली. या दोघी एकमेकींना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण दोघींकडे एकच गोष्ट होती: जे लिहिलं ते हातांनी ओळखलेलं होतं. मळणी केल्याशिवाय बहिणाबाई मळणीवर बोलल्या नाहीत. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात आहे, पाठांतर स्पर्धा आहेत, पुतळे आहेत. त्यांनी बोललेलं कुणीतरी लिहून घेतलं म्हणून त्या आपल्याला मिळाल्या. मग आज तापीकाठचा भोई आजोबा बोलतो ते कोण लिहून घेतं? ते लिहून घेणाऱ्या नातीला आपण बाद करतो, भाषा अशुद्ध म्हणून. बहिणाबाईंची गाणी त्या स्पर्धेत आली असती तर तीही लेवा गणबोलीसकट बाद झाली असती. त्या मंडळाच्या सभागृहात बहिणाबाईंची तसबीर लावलेली आहे. मला त्या दिवशी तिच्याकडे बघवलं नाही.

खान्देशात साहित्याची उपासमार आहे अशी तक्रार कुणी करू नये. जळगावला १९३६ आणि १९८४, धुळ्याला १९४४, अमळनेरला १९५२ आणि पुन्हा २०२४, इतकी अखिल भारतीय संमेलनं या मातीत झाली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. रोज! छापखाना नाही, जाहिरात नाही, बक्षीस नाही. आज एका शाळेनं भिंतीवर एक फळा लावून त्यावर रोज पांझरेची एक ओळ लिहिली, पाण्याचा रंग, वास, काठावर काय दिसलं, कोण पक्षी आला, तर वर्षाला ३६५ ओळी होतील. तेवढ्यानं एक नोंद तयार होते, जिच्यापुढे महापालिकेचा अभियंता उत्तर द्यायला बांधील होतो. विशेषणानं भरलेल्या कवितेला कुणीही उत्तर देत नाही. तारखेनं भरलेल्या वहीला द्यावं लागतं.

इतिहासकार राजवाडे धुळ्यात वारले, १९२६ च्या शेवटच्या दिवशी. इतिहासाचे कागद शोधत तो माणूस आयुष्यभर गावोगाव पायी फिरला, आणि त्यांच्या माघारी १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. सरदारांची दप्तरं राखणाऱ्या या शहरात नदीचं दप्तर नाही. पन्नास वर्षांपूर्वी पांझरेत कोणते मासे होते, कोणत्या डोहाला काय नाव होतं, फडाचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरायचं, हे सांगणारी माणसं अजून जिवंत आहेत. आणखी दहा वर्षांनी नसतील.

फडावरून आठवलं. खान्देशात हा शब्द दोन ठिकाणी लागतो. एक तमाशाचा, गाण्याचा फड. दुसरा पाण्याचा: पांझरा, मोसम, आरम यांच्यावर बंधारे घालून शेतकऱ्यांनी शतकानुशतकं चालवलेली फड पद्धत. गावची जमीन फडांत वाटायची, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी सगळ्यांना सारखं, वाटपावर गावचाच माणूस, तंटा गावातच मिटवायचा. हजारो लेख लिहून जगाला जे आज सुचतंय ते इथं चिखलात उभं राहून चालवलेलं होतं. पाणी मिळून वाटणारी आणि गाणं मिळून रचणारी माणसं एकच शब्द वापरत होती, हा काही योगायोग म्हणून सोडून द्यायचा नाही. दोन्ही फड मोडले आहेत. पाण्याच्या जागी मोटारी आल्या, गाण्याच्या जागी स्पर्धा. स्पर्धेत एक जिंकतो आणि बाकीचे कागद रद्दीत जातात. ज्या कामाला सगळ्यांचे हात लागतात त्या कामासाठी स्पर्धा भरवणारी बुद्धी कुठून आली?

दोन आक्षेप मला तोंडावर ऐकवले गेले. पहिला साहित्यिकांचा, की हे साहित्य नव्हे, प्रचार आहे. जाळ्यात आलेला गणपतीचा हात हा प्रचार? त्या मुलीनं उपदेशाचा एक शब्द लिहिला नव्हता. प्रचार तर तुमच्या डॉल्फिनच्या कवितेत आहे, ‘सारे मिळून वाचवू या’ हाच प्रचार. फरक इतकाच की त्यानं कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून तुम्हाला तो कला वाटतो.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक होता, आणि तो एका शेतकऱ्यानं घेतला. बाजारात भेटला, म्हणाला, ‘नदीम्हा पानी नही, अन् तुम्ही समुद्रनी गोठ काय करतस, गुरुजी?’ आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावातल्या माणसाला हा विचारायचा हक्क आहे. मी त्याच्या पिशवीकडे बोट दाखवलं. पिशवीत सुके बोंबील होते. खान्देशातल्या कुठल्याही आठवडे बाजारात जा, बोंबील-सुकटीचा वास आल्याशिवाय राहत नाही. कांदा, लाल तिखट, बोंबील आणि भाकरी, हे कोरडवाहू माणसाचं जेवण आहे, आणि ते अरबी समुद्राच्या काठावर वलांडीवर वाळून येतं. भाकरीतलं मीठ त्याच समुद्राचं. कपाशीवर पडणारा पाऊस त्याच समुद्राचा. म्हणालो, दादा, समुद्र तुझ्या पिशवीत आहे, आणि तुझ्या शेतातला कागद त्याच्या पोटात आहे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मंग कागद लेवाले गाडी धाडा ना सरकारले सांगीसन.’ हे एक वाक्य आमच्या सगळ्या शपथांपेक्षा कामाचं आहे. घंटागाडी शहरात फिरते. शेतातला प्लास्टिक कागद न्यायला गावात कोण येतं? याच्यावर लिहा. ग्रामसभेत वाचा.

सरकारी उपक्रमांनी शब्दांची कमतरता कधीच ठेवलेली नाही. ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० च्या गांधी जयंतीला सुरू झालं, त्याची शपथ मोबाइलवर घेता येते. ‘चला जाणूया नदीला’ २०२२ च्या गांधी जयंतीला सेवाग्रामहून निघालं, नदीशी संवाद साधायचा म्हणून. कल्पना चांगलीच होती, मी तिला नावं ठेवणार नाही. पण संवाद म्हणजे दोन बाजू. नदीच्या बाजूनं बोलणारा भोई, धोबी, वाळू चाळणारी मजूर बाई, कचरा वेचणारी बाई, यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून निघालं तरच तो संवाद. एरवी ते भाषण आहे.

मी गेल्या दिवाळीत ते पान घेऊन सुरतेला गेलो. भुसावळ-सुरत गाडीनं, नंदुरबार, नवापूर, उधना; ही रेल्वे तापीच्याच खोऱ्यातून उतरते. उधना, लिंबायत या भागांत उतरलं की कानावर अहिराणी पडते. दुष्काळानं, बेकारीनं आपल्या दोन-तीन पिढ्या तिथं कापडाच्या मागांवर गेल्या. तिथल्या चाळीत एका नात्यातल्या बाईला मी ते वाचून दाखवलं. ती शिरपूरकडची, लग्न होऊन तिथं गेलेली. २००६ च्या पुरात तिच्या घरात छातीएवढं पाणी होतं. शेवटची ओळ आली तेव्हा ती म्हणाली, ‘काय म्हनतीन? तठला लोक म्हंजे आम्हीच ना वं माय.’ आपण जे नदीत टाकतो ते आपल्या लेकीच्या दारात जातं. सासरी गेलेल्या लेकीला आपण काय पाठवतो, हा प्रश्न खान्देशात कधी कुणाला समजावून सांगावा लागला आहे का?

सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथं आपलीच पोरं शिकतात. तापीकाठच्या आपल्या शाळांनी तिथल्या मुलांना पत्रं लिहावीत: यंदा आमच्या घाटावर हे दिसलं, आम्ही हे अडवलं, हे अडवता आलं नाही, ते तुमच्याकडे येतंय. तिथल्या मुलांनी उलट लिहावं: खाडीत हे आलं. अहिराणीत लिहावं, लेवा गणबोलीत लिहावं, भिली-पावरीत लिहावं. निवड नको, नंबर नको. वर्षाच्या शेवटी सगळी पत्रं एका बाडात बांधून धुळे आणि जळगावच्या महापालिकांच्या टेबलावर ठेवावीत आणि उत्तराची तारीख विचारावी. मला दोन शिक्षक भेटले आहेत, एक मुडावदकडचे आणि एक उधन्याचे. ते तयार आहेत. आषाढ शुद्ध सप्तमी हा तापीचा जन्मदिवस. पहिली पत्रं त्या दिवशी टपालात पडतील.

त्या मंडळानं यंदाही पत्र पाठवलं आहे, परीक्षक व्हा म्हणून. विषय ‘प्रवाळांचं दुःख’. मी नकार कळवला आणि सोबत त्या मुलीच्या पानाची एक झेरॉक्स जोडली. शेवटच्या ओळीखाली लाल शाईनं रेघ मारली आहे, शिक्षक चुकीच्या खाली मारतो तशी नव्हे. उत्तर लिहायला जागा सोडून.